चमेलीच्या घरचं पार्क

आता आठवलं की हसू येतं, पण चमेली लग्न होऊन दवनीवाड्यात आली तेव्हा आम्ही साऱ्या बायांनी तिला जादूटोणा करणारी ठरवून टाकलं होतं. आठवडाभरही वाट पाहिली नाही.

कारण काय, तर पाणी. नीलेशची पहिली बायको तापात गेली होती. मागे राहिली एक पोरगी, प्रिया. काटकीसारखी बारीक, डोळ्यांत कायम पिवळट झाक. वर्ष सरल्यावर नीलेशनं सालेकशाकडची ही चमेली केली. अंगाची हळद अजून उतरली नाही, आणि आम्ही पाहतो तर नवी नवरी हातात पितळी गिलास घेऊन पोरीच्या मागं अंगणभर फिरून राहिली. "पी." पोरगी पिते. घटकाभरानं पुन्हा, "पी." पोरगी शाळेत निघाली की फाटकात अडवायचं, पी. पोरगी तोंड वाकडं करते, पाय आपटते, ही खांबासारखी उभी.

सावत्र माय मारते, उपाशी ठेवते, असं ऐकलं होतं. पाणी पाजून पाजून छळणारी आम्ही पहिल्यांदाच पाहिली. समोरच्या डिंपलची सासू तर शपथेवर सांगायची, पाणी मंतरलेलं आहे, बाई गिलासावर ओठ हलवते. आम्ही जाऊन बघितलं, खरंच हलवायची. मग काय, आठ दिवस आमच्यातल्या एकीनं तिच्याकडचं ताकसुद्धा घेतलं नाही.

ओठ हलायचे ते किती गिलास झाले त्याचा हिशेब मनात ठेवण्यासाठी, हे नंतर कळलं. पोरीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार काही नवा नाही, रक्तातूनच येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अंगात पाणी कमी पडलं, थंडी लागली, की नसांत अडकून बसतात, आणि मग लेकरू हात-पाय धरून जमिनीवर लोळतं. चमेलीचा लहाना भाऊ मोनू यातच गेला. पौषाच्या थंडीत पोट्ट्यांसंगं नाल्यात पोहला होता, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून थंड पाणी दिसलं की चमेलीच्या तोंडचा रंग जातो, आणि गरम पाणी दिसलं की ती कोणाला ना कोणाला पाजायला निघते. मलाही पाजलं आहे. मला तर धड सर्दीसुद्धा नव्हती.

बाकी बाई म्हणजे भांडणाचं बियाणं. बाजारात कोथिंबीरवाल्याशी भांडेल, कोथिंबीर ताजी आहे की काल पाणी मारलेली. बसच्या कंडक्टरशी भांडेल, बस उशिरा आली की आपण लवकर आलो. हरायचं तिला माहीतच नाही. समोरचा थकतो, हसतो, म्हणतो जा बाई, तुझंच खरं. लहानसहान भांडणं ती सगळी जिंकते. मोठं एखादं जिंकलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.

तर या हिवाळ्यात प्रियाच्या शाळेची सहल निघाली, नागपूरच्या पाण्याच्या पार्कात. प्रिया आता सहावीत. वर्गातल्या पोरींना दुसरा विषय नव्हता. नीलेश राइस मिलमध्ये पोती भरतो, त्याचा स्वभाव भरलेल्या पोत्यासारखाच, जिथं ठेवलं तिथं. तो म्हणाला, "जाऊ दे तिले. एका दिवसानं का होते?"

दुसऱ्या दिवशी चमेली पदर खोचून शाळेत गेली आणि मास्तरीणबाईंना सांगून आली, माझी पोरगी येणार नाही. पार्कातलं पाणी बर्फासारखं, दिवसभर ओल्या अंगानं फिरायचं, आणि रातच्या बसनं परत यायचं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं हो. पण ते प्रियाला वर्गासमोर कळलं.

सहल गेली, आली. साऱ्या पोरींच्या मनगटावर पार्काची निळी पट्टी. कापल्याशिवाय निघत नाही म्हणतात, आणि कापतं कोण. आंघोळीला तसाच हात, जेवायला तसाच हात, पट्टी मळून काळी झाली तरी मिरवून राहिल्या. वर्गात बोट वर करायचं झालं की पट्टीवालाच हात वर. प्रियाचा हात तेवढा उघडा.

तिनं चमेलीशी बोलणं टाकलं. मावशी म्हणायची आधी, आता तेही नाही. आणि एका दुपारी बापाचा फोन घेऊन तिनं दरेकशाला तिच्या आजोबाला, केशोरावांना, लावला. चमेली भिंतीपलीकडं तांदूळ पाखडत होती.

"आबाजी, मले न्या. येथं नाही राहाचं मले."

तिकडून काहीतरी विचारलं असेल.

"मारत नाही. जेवाले देते. पण पाणीच पाजते, आबाजी. मी का धानाचं वावर होय, सारखं पाणी सोडाले?"

चमेलीच्या हातातलं सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं. तांदूळ मात्र सारे खाली सांडले होते, ती रिकामंच सूप हलवून राहिली होती.

केशोराव चांगला माणूस. एकुलती लेक गेली, तिची एवढी एक खूण उरली. शनिवारी येतो म्हणाला, मुक्काम करून सकाळी नातीला घेऊन जातो, तिकडच्या शाळेत नाव टाकतो. नीलेश म्हणाला, "पोरीची मर्जी." झालं, ठरलं.

चमेलीनं दरेकसा पाहिलेलं होतं. तिचं माहेर त्याच अंगाला. डोंगर, रान, संध्याकाळ झाली की दरीतून थंडी वर चढते ती सूर्य वर येईपर्यंत उतरत नाही. दुखणं उठलं तर गाडीची वाट पाहायची, आणि गाडी काही दुखणं पाहून येत नाही. आबाजीच्या घरी एकटे आबाजी. तिथं पोरीला कोमट पाणी कोण देईल, रोजची गोळी कोण आठवणीनं देईल, कान कोण बांधेल? पण कोणत्या तोंडानं थांबवायचं? तिला पोटात ठेवलेलं नव्हतं तिनं. तिच्या हातात होती ती शनिवारची एक संध्याकाळ.

शुक्रवारी ती डिंपलकडं आली. डिंपल लग्नानंतर नवऱ्यासंगं त्याच पार्कात जाऊन आली होती. मी तिथंच लसूण सोलत बसले होते.

"डिंपल, पार्कात काय काय असते ते सांग. सुरुवातीपासून."

"कायले काकू? तुम्ही जाऊन राहिल्या का?"

"मी नाही जात. पार्कच घरी आणतो."

डिंपलनं माझ्याकडं पाहिलं. मी लसणाकडं पाहिलं.

"पहिले गेटवर पिशवी तपासतेत," डिंपल म्हणाली. "बाहेरचं खाणं आत नाही नेऊ देत."

"काऊन? कोणी विष घालते का?"

"त्याईचं विकलं पाहिजे ना. मग हाताले पट्टी बांधतेत. मग आत घसरगुंडी. ही एवढी उंच. वरून पाण्यासंगं सुटाचं अन खाली हौदात धपकन. हौदात लाटा येतेत."

"नागपुरात लाटा?"

"मशीनच्या."

"अन?"

"भूतबंगला. अंधार असते, कोणीतरी हात लावते. हे माझ्या आधी ओरडले." हे म्हणजे डिंपलचा नवरा. "मग रोलर कोस्टर."

"थे का असते?"

"वाकडीतिकडी रेल्वे. उलटी होते."

"अन जेवाले?"

"रांगेत उभं राहून छोले घेतले, यांनी शर्टावर सांडले, तेथंच आमचं भांडण झालं. त्याच्यापुढचं पार्क मले आठवतच नाही."

चमेली उठली. "पाणी थंड असते?"

"एकदम बरफ."

"आपलं गरम राहीन," ती म्हणाली आणि गेली. मी म्हटलं, डिंपल, या बाईला आवर, ही पोरीला पातेल्यात बसवेल.

शनिवारी सकाळपासून चमेलीच्या घरातून ठोकाठोकी ऐकू येत होती. तिनं कुंपणाचा एक जाड बांबू उपटून नीलेशच्या पुढ्यात टाकला होता, उभा चिरून दे. बांबू चिरला की आत जागोजागी गाठीचे पडदे असतात, ते ठोकून काढावे लागतात, तेव्हा कुठं सरळ पन्हळ होते. नीलेशनं कुऱ्हाडीच्या टोकानं एकेक पडदा फोडला. कायले पाहिजे, हे विचारलंसुद्धा नाही. पोतं कधी विचारतं का. तेवढं मात्र त्यानं नीट केलं, वरून हात फिरवून सल काढले.

ही झाली घसरगुंडी. वरचं टोक चुलीच्या ओट्यावर, खालचं टोक जमिनीवरच्या परातीत. परातीत कोमट कढी, म्हणजे लाटांचा हौद. वरून सोडायचे उडदाचे वडे. पन्हळीला आतून तेल लावलेलं.

भूतबंगल्यासाठी उकडलेले शिंगाडे. काळे, दोन्हीकडं शिंगं, अंधारात हाताला लागले तर कोणाचंही टाळकं वाटावं. ते टोपलीखाली झाकले, टोपलीवर काळं फडकं. रोलर कोस्टर म्हणून जिलेबी. पण थंडीत पीठ काही आंबलं नाही. चुलीजवळ ठेवलं, कांबळीत गुंडाळलं, शिव्या दिल्या, तरी नाही. कढईत सोडलं तर वेटोळं होईना, नुसता सुतळीचा गुंता. मी डोकावले तेव्हा ती झाऱ्यानं तो गुंता उलटत होती.

"हे का होय?" मी विचारलं.

"रोलर कोस्टर."

"उलटलेली दिसते."

"डिंपल म्हणाली ना, उलटी होते." तेही भांडण तिनंच जिंकलं.

दारात जुनं लुगडं बांधून गेट केलं. आणि पट्ट्या. मिलमधून येणाऱ्या तांदळाच्या रंगीत पोत्याचा तिनं काठ कापला. लाल-पिवळा, वर अर्धवट अक्षरं छापलेली, त्या प्लास्टिकच्या विणीला हातानं फाडून दाखवा कोणी. मनगटाभोवती घ्यायची आणि टोकं उदबत्तीनं चिकटवून टाकायची.

इथवर बाईनं अक्कल लावली. मग अक्कल जास्त झाली. तिनं ठरवलं, पार्कात फुकट काही नसतं, तर प्रत्येक झुल्याला तिकीट पाहिजे. आणि तिकीट म्हणजे एक गिलास कोमट पाणी. पोरगी खेळता खेळता पिऊन जाईल, कळणारही नाही. मला हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, जणू काही सरकारी नोकरीच लागली. मलाही ते तेव्हा हुशारीचंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवस मावळता मावळता केशोराव आले. धोतर, स्वेटर, कानाला मफलर, हातात कापडी पिशवी. एका कानानं कमी ऐकतात, म्हणून मान नेहमी थोडी वाकडी. लुगड्याच्या गेटात चमेलीनं त्यांना हात आडवा केला.

"पिशवी दाखवा, बाबाजी."

"आँ?"

"पिशवी. तपासाची आहे."

म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं पिशवी उघडली. आत मोहाचे लाडू आणि पसाभर बोरं, नातीसाठी.

"बाहेरचं खाणं आत नाही चालत."

"कोणाच्या आत?"

"पार्काच्या."

केशोरावांनी नीलेशकडं पाहिलं. "जवाईबापू, हे का होय?"

"पार्क होय," नीलेश म्हणाला. त्याला तेवढंच माहीत होतं.

लाडू जप्त झाले. म्हातारा हात वर करून उभा राहिला, जणू त्याच्या खिशांतही लाडू निघतील. आणि आतल्या दारातून नाकानं हसल्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. प्रिया चौकटीला टेकून उभी होती. चमेलीनं मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं तर ते हसू उडून जाईल असं तिला वाटलं.

तिनं केशोरावांच्या मनगटावर पट्टी चिकटवली, नीलेशच्या चिकटवली. मग तिसरी पट्टी हातात धरून उभी राहिली. प्रियानं पट्टीवरची अर्धवट अक्षरं वाचून पाहिली. मग हात पुढं केला. चमेलीनं मध्ये आपलं बोट घालून, पोरीला चटका लागू नये म्हणून, टोकं जुळवली. चटका तिलाच लागला. मग गिलास पुढं केला.

"गेटचं तिकीट."

प्रिया प्यायली.

घसरगुंडीला पुन्हा एक गिलास, प्रिया प्यायली. चमेलीनं वरून पहिला वडा सोडला. तो अर्ध्यात जाऊन एका गाठीपाशी अडकला.

"मास्तरीणबाई अडकल्या," प्रिया एकदम बोलली. "खरंच, आबाजी, त्या पार्कात अडकल्या होत्या घसरगुंडीत. पोरी सांगत होत्या. मागच्या पोरी येऊन आपटल्या तेव्हा निघाल्या."

"मग मागच्या पोरी सोड ना," चमेली म्हणाली.

प्रिया ओट्यावर चढली. एक वडा सोडला, तो मास्तरीणबाईंना जाऊन धडकला. त्या हलल्या नाहीत. अजून एक, अजून एक. सगळा वर्ग पन्हळीत गोळा झाला. मग तिनं मागून पळीनं ढकललं, आणि सारे वडे धाडधाड उतरून कढीत पडले, कढी उसळली ती थेट केशोरावांच्या धोतरावर.

"लाटा आल्या," नीलेश म्हणाला. जन्मात एखादा विनोद, तो त्या दिवशी झाला.

प्रिया हसून वाकली. केशोराव धोतर झटकत म्हणाले, "पोरी, तुले रेल्वेचा झुला पाहिजे तर आमच्या दरेकशाले बोगदा आहे. अंधारही आहे, आवाजही आहे. पट्टीबिट्टी लागत नाही." तेव्हाही प्रिया हसलीच. म्हातारा चांगल्या मनानंच बोलला होता. चमेलीनं मात्र घाईघाईनं टोपली पुढं ओढली.

"भूतबंगला. हात घाल." आणि सवयीनं दुसऱ्या हातानं गिलास.

प्रियाचा हात फडक्यापर्यंत गेला आणि थांबला. तिनं गिलासाकडं पाहिलं. मग आबाजीकडं. मग बापाकडं. त्यांच्या पुढ्यात ताटं होती, वडे होते, गिलास नव्हते.

"आबाजीले काऊन नाही तिकीट?"

"त्याईले माफ आहे," चमेली म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाले."

"अन बाबाले?"

चमेलीनं हातातल्या एकुलत्या गिलासाकडं पाहिलं. दोन गिलास तेवढे जास्तीचे भरले असते. माठ तिथंच होता, चूल तिथंच होती. पण तिच्या डोक्यात पाणी म्हणजे प्रिया, दुसरं कोणी तिथं बसतच नव्हतं.

"म्हणजे मलेच," प्रिया म्हणाली. "हे सारं पाणी पाजाले."

"नाही वं बाई. पार्क होय. तुझ्यासाठी केलं."

"पार्क नोहोय. मंडई होय. जिलेबी, शिंगाडे, वडे. मंडईतच भेटते हे सारं. मंडई मांडली, अन मंडईतबी पाणीच."

तिनं आवाज चढवला नाही. गिलास खाली ठेवला, एक थेंब न सांडता. आत गेली आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, शिंगाड्यांचे ढीग, रात्री नाटक. चमेलीनं आयुष्यात जेवढी मौज पाहिली ती मंडईत. डिंपलनं सांगितलेलं पार्क तिनं मनात नेलं, आणि हातानं केलं तेव्हा त्याची मंडई झाली. पोरगी खोटं बोलली नव्हती.

तिघं मोठी माणसं बसून राहिली. केशोरावांनी एक वडा खाल्ला, चांगला झाला म्हणाले. नीलेशनं रोलर कोस्टर मोडून तोंडात टाकली.

"तुम्ही तरी बोला," चमेली त्याला म्हणाली.

"का बोलू?" तो म्हणाला.

मग ती केशोरावांजवळ सरकली, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. "बाबाजी, पाणी कोमट द्याजा. थंड नाही."

"पाणी खूप आहे बाई आमच्याकडं. झऱ्याचं. गोड."

"झऱ्याचंच थंड असते. तापवून द्या. अन पोरगी मागत नाही, आपणच द्या लागते. गोळी रोज. ऊन उतरलं का कान बांधाचे. हाडं दुखते म्हणाली तर चोळत नका बसू, तसंच दवाखान्यात न्या. वाट नका पाहू."

"हो, हो," केशोराव मान हलवत म्हणाले.

ती मान चमेलीच्या ओळखीची होती. त्यांनी लाडू जप्त झाले तेव्हाही अशीच हलवली होती. कंडक्टरला अशीच हलवतात, देवाला अशीच. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. ते पुन्हा हो म्हणाले. तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि अर्ध्यातच थांबली. टोपलीखालचे शिंगाडे तसेच होते. भूतबंगल्यात कोणी गेलंच नाही.

सकाळी बसथांब्यावर आम्ही चार-पाच बाया होतोच. काही काम नव्हतं, उगाच. धुकं होतं. प्रियानं स्वेटर घातलेला, कान बांधलेले, पाठीवर शाळेचं दप्तर. केशोरावांच्या हातात कपड्यांची पिशवी आणि परत मिळालेले लाडू. नीलेश मिलला जाण्याआधी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला होता.

पिशवीच्या बुडातून पाणी ठिबकून राहिलं होतं. चमेलीनं भरून दिलेली कोमट पाण्याची बाटली म्हाताऱ्यानं आडवी ठेवली होती, झाकण सैल. घरापासून थांब्यापर्यंत रस्त्यावर ओली रेघ. चमेलीनं बाटली काढली, हलवून पाहिली, बुडाला थोडंसं उरलं होतं. झाकण घट्ट केलं, पिशवीत उभी खोचली. मला वाटलं, आता रडते ही. मी पदर तयार ठेवला.

ती प्रियाकडं वळली. "रात्री का म्हणाली तू? मंडई होती?"

प्रियानं रस्त्याकडं पाहिलं. "मंडईच होती."

"पार्क होतं."

"मंडई."

"मंडईत पिशवी तपासतेत?"

"नाही."

"मंडईत लाडू धरतेत?"

"नाही. पण जिलेबी होती ना."

"थे जिलेबी होती? खरं सांग."

प्रियाच्या ओठाचा कोपरा हलला. "नोहोती."

"मग?"

"तरी मंडई."

चमेलीनं कमरेच्या पिशवीतून कैची काढली. आम्ही बाया एक पाऊल मागं सरलो, काय नेम. ती म्हणाली, "बरं, मंडई तर मंडई. आण हात, पट्टी कापतो. मंडईची पट्टी कायले नेतं दरेकशाले? तेथल्या पोरी हसतीन."

प्रियाचा हात पाठीमागं गेला. स्वेटरची बाही तिनं ओढून पार बोटांपर्यंत आणली. वळणावर बसचा हॉर्न वाजला.

"आण."

"राहू दे."

"कायले राहू दे? मंडईत पट्टी बांधतेत का?"

"नाही बांधत."

"कोठं बांधतेत?"

धुक्यातून बसचे दिवे दिसायला लागले. केशोराव पिशवी उचलून पुढं झाले.

"कोठं बांधतेत, सांग."

"पार्कात," प्रिया पुटपुटली.

"मग का होतं थे?"

"पार्क."

"जोरानं बोल. आबाजीले ऐकू येत नाही."

"पार्क होतं, म्हटलं ना, पार्क." आणि पोरगी बसमध्ये चढली, मागं न पाहता.

बस गेली. चमेली हातात उघडी कैची घेऊन आमच्याकडं वळली.

"ऐकलं ना, बायाहो," ती म्हणाली. "पार्कच होतं."

आम्ही म्हटलं, हो बाई, पार्कच होतं.